गोळी एकच, पण पीकमधला गॅप रोज वेगळा: थर्ड इयरच्या सीई प्रॅक्टिकलचं एक प्रकरण

कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे सीई (बारीक नळीत व्होल्टेज लावून मिश्रणातले घटक वेगळे करायचे, डिटेक्टरसमोरून एकेक घटक गेला की आलेखावर एक टोक, म्हणजे पीक, उमटतो), आपल्याकडे बीएस्सीला बहुतेक ठिकाणी फळ्यावरच उरकतात. दोन व्हायल काढायच्या, मधे वाकडी नळी, वर हाय व्होल्टेज असं लिहायचं, चार मार्कांचं उत्तर तयार. नागपुरात मी ज्या कॉलेजात शिकवते तिथे मशीन आहे आणि उन्हाळी सत्रात थर्ड इयरच्या पोरांना ते हाताळायला दिलं तेव्हा आठवड्याभरात एक भानगड झाली. ती सविस्तर लिहून ठेवतेय, कारण माझ्या मते या प्रॅक्टिकलमधला शिकवण्यासारखा भाग त्या भानगडीतच होता, मॅन्युअलमध्ये जे दिलंय ते कुणीही वाचून करेल.

आधी मांडणी सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कॅपिलरी फ्यूज्ड सिलिकाची, आतला व्यास ७५ मायक्रॉन, एकूण लांबी ५७ सेंटीमीटर, डिटेक्टरपर्यंत ५०. बफर म्हणजे १० मिलिमोलर बोरॅक्स, आपला टाकणखारच, फक्त एआर ग्रेडचा, १०० मिलीत ०.३८१ ग्रॅम. हे बफर मी मुद्दाम निवडते कारण ०.०१ मोलॅलचा बोरॅक्स हा पीएच मीटर कॅलिब्रेट करायचा स्टँडर्डच आहे, २५ डिग्रीला ९.१८, त्यामुळे पोरांनी नीट वजन करून पाण्यात विरघळवलं की पीएच ॲडजस्ट करत बसायची गरज नाही. व्होल्टेज २५ हजार, इनलेटला प्लस, यूव्ही डिटेक्शन २१४ नॅनोमीटरला, सॅम्पल ०.५ पीएसआयनं ५ सेकंद आत ढकलायचं. सॅम्पल म्हणजे डोकेदुखीची गोळी, पॅरासिटामॉल आणि कॅफीनवाली, खलून, पाण्यात घोळून, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढलेली, आणि त्यात थोडं सोडियम बेंझोएट. बेंझोएट इंटर्नल स्टँडर्ड म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, टाकलं होतं, पुढे त्यानं जे काम केलं ते या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं ठरलं.

आता यात काय व्हायला पाहिजे? काचेच्या भिंतीवरचे सिलॅनॉल गट या पीएचला आयनाइझ झालेले असतात, भिंत निगेटिव्ह, तिच्या लगत पॉझिटिव्ह आयनांचा थर, व्होल्टेज लावलं की तो थर सरकतो आणि सगळ्या द्रवाला ओढत आउटलेटकडे नेतो, हाच ईओएफ, म्हणजे इलेक्ट्रोऑस्मॉटिक फ्लो. कॅफीनवर या पीएचला चार्ज नाही, ते नुसतं प्रवाहाबरोबर वाहत येतं, आमच्याकडे सव्वातीन मिनिटांच्या आसपास. बेंझोइक ॲसिडचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू आयनाइझ्ड असतात तो) ४.२, म्हणजे ९.२ ला ते पूर्ण निगेटिव्ह, ते इनलेटकडे परत पोहत असतं पण प्रवाह जोरात म्हणून उशिरा का होईना येतंच, सात मिनिटांनंतर. आणि मधे पॅरासिटामॉल, पीकेए साधारण ९.५, म्हणजे ९.२ ला त्याचे तीनातले एक रेणू आयनाइझ्ड, बाकी दोन न्यूट्रल, म्हणून ते कॅफीनच्या मागून अर्ध्या मिनिटानं येतं. हा जो अर्ध्या मिनिटाचा गॅप आहे नं, तो म्हणजे पीएच आणि पीकेए यांच्यातला फरक स्क्रीनवर उतरलेला आहे. टायट्रेशनच्या कर्व्हवर मध्यबिंदू शोधून पीकेए काढायला पोरं शिकतात, पण त्याचा पुढे काही उपयोग आहे हे त्यांना कधी दिसत नाही, इथे दिसतं.

बॅचमध्ये पीसीएमवाले (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) आणि सीबीझेडवाले (केमिस्ट्री-बॉटनी-झूलॉजी) मिसळून जोड्या लावते मी, ग्रुपची ही जुनी नावंच आमच्या तोंडात आहेत अजून. पीसीएमवाल्याला ओहमचा नियम पाठ असतो, सीबीझेडवाल्यानं जेलमध्ये डीएनए पळताना पाहिलेला असतो, दोघांचं मिळून एक डोकं होतं. सुरुवातीला सगळे घाबरतातच. रस्त्यावरच्या डीपीवर ११००० व्होल्ट, सावधान अशी पाटी असते, आणि इथे टेबलावरच्या डब्यात त्याच्या दुपटीपेक्षा जास्त. मग त्यांनाच गुणाकार करायला लावायचा: २५ हजार व्होल्ट गुणिले ३३ मायक्रोॲम्पिअर, एक वॉटसुद्धा भरत नाही. तरी झाकण उघडलं की व्होल्टेज कट झालं पाहिजे हे आधी तपासून दाखवते, त्यात मस्करी नको.

आता प्रकरण.

सोमवारच्या बॅचचे इलेक्ट्रोफेरोग्राम, म्हणजे पीकचे आलेख, सुंदर आले, तीन पीक, सुईसारखे. मंगळवारच्या बॅचला पण तीन, पण कॅफीन आणि पॅरासिटामॉल जरा जवळ. गुरुवारी अजून जवळ. शुक्रवारच्या बॅचनं आपला प्रिंट सोमवारवाल्यांच्या प्रिंटशेजारी ठेवला आणि एकानं तिथूनच आवाज दिला, "मॅडम, पीक जवळ जवळ येऊन राहिले, काहून?" अर्ध्या मिनिटाचा गॅप वीस सेकंदांच्या आसपास आला होता. गोळी तीच, एकाच पत्त्यातली. पद्धत तीच. सॉफ्टवेअरमध्ये मेथड फाइल लॉक केलेली, कुणी काही बदलू शकत नाही.

मी उत्तर दिलं नाही, सगळ्यांना कारणं लिहायला लावली. पहिलं कारण सगळ्यांचं एकच: गोळी खराब झाली असेल. यावर फार वेळ घालवला नाही, कारण गोळीत पॅरासिटामॉल कमी झालं असतं तर पीक लहान झाला असता, जागा कशाला सोडेल? हे कळायला पाच मिनिटं लागली पण कळलं. दुसरं कारण कॅपिलरी घाण झाली असेल, भिंतीला काही चिकटलं असेल. हे कारण चांगलं आहे, सीईमध्ये निम्म्या तक्रारी तिथूनच येतात, म्हणून तर रोज सकाळी ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, मग पाणी, मग बफर असं धुणं असतं. पण भिंत खराब झाली तर ईओएफ मंदावतो, कॅफीन उशिरा येतं. आमचं कॅफीन उलट थोडं लवकर येत होतं.

तिसरं कारण नागपूरचं होतं. एप्रिल महिना, बाहेर बेचाळीस, खोलीत डेझर्ट कूलर, आणि आमच्या मशीनला कॅपिलरी थंड ठेवायला द्रव वगैरे नाही, नुसता पंखा आहे, म्हणजे खोलीचं तापमान तेच कॅपिलरीचं किंवा त्याहून जास्त. पाण्याची व्हिस्कॉसिटी डिग्रीमागे साधारण दोन टक्के उतरते, २५ वरून ३५ ला गेलात तर ०.८९ वरून ०.७२ वर येते, मग सगळंच जवळपास वीस टक्के लवकर पळतं. सोमवारी थोडा पाऊस शिंतडून गेला होता, नंतर ऊन वाढत गेलं, त्यामुळे कारण इतकं फिट बसत होतं की बॅचमधल्या बहुतेकांनी पेन खाली ठेवले. कूलरबद्दल जाता जाता एक सांगते, हाय व्होल्टेजच्या मशीनच्या खोलीत डेझर्ट कूलर ही चांगली गोष्ट नाहीच, हवेत दमटपणा वाढला की इलेक्ट्रोडपाशी डिस्चार्ज होऊ शकतो, निदान कूलरचं तोंड तरी मशीनकडे नको. आमच्याकडे ते दाराकडे वळवलंय, एसीचा प्रस्ताव फाइलीत आहे.

उष्णतेचं कारण खोडायला बेंझोएट कामी आलं. पोरांना मोबिलिटी, म्हणजे व्होल्टेजच्या मानानं घटक किती वेगानं सरकतो ते, काढायला लावली, सूत्र सोपं आहे: डिटेक्टरपर्यंतची लांबी गुणिले एकूण लांबी, भागिले व्होल्टेज गुणिले वेळ. कॅफीनची जी येते ती ईओएफची मोबिलिटी. ती पॅरासिटामॉलच्या आणि बेंझोएटच्या आकड्यातून वजा केली की त्यांची स्वतःची मोबिलिटी उरते. आता या दोघांचा भागाकार करा. उष्णतेनं व्हिस्कॉसिटी उतरली तर दोघांची मोबिलिटी एकाच पटीत वाढेल, भागाकार जवळपास जिथल्या तिथे राहील. व्होल्टेज थोडं इकडेतिकडे झालं तरी तेच, ईओएफ बदलला तरी तेच. सोमवारचा भागाकार पाव भागाच्या थोडा वर होता, शुक्रवारचा एक षष्ठांशाच्या आसपास. म्हणजे पॅरासिटामॉलवरचा चार्जच कमी झाला होता. बेंझोएट त्या पीएचला पूर्ण चार्ज्ड, त्याचा चार्ज थोड्याफार पीएचच्या बदलानं हलत नाही, पॅरासिटामॉल मात्र पीकेएच्या अगदी शेजारी बसलेलं, त्याला जरा धक्का पुरतो. तापमानानं पीकेए पण थोडा हलतो, पण बोरॅक्सचा पीएचही तिकडेच उतरतो, ३५ डिग्रीला ९.१०, त्यामुळे एवढा मोठा फरक त्यातून निघत नाही. उरला पीएच.

पण बफरची बाटली तीच होती, मीटरला लावली, ९.१ च्या वर दाखवत होती. इथे सगळे अडकले, आणि खरं सांगू का, अडकलेल्या बॅचकडे बघत गप्प बसणं हे शिकवणाऱ्याला सगळ्यात जड जातं, जीभ शिवशिवते. मग सावनेरहून एसटीनं येणारी एक पोरगी म्हणाली की बाटलीतलं बफर बरोबर असेल पण नळीत जे जाते ते तर छोट्या व्हायलमधून जाते नं. त्या व्हायलमध्ये इलेक्ट्रोड बुडालेला असतो. इलेक्ट्रोड म्हटल्यावर पीसीएमवाल्यांच्या डोक्यात फॅराडेचा नियम, किती करंट गेला त्यावरून इलेक्ट्रोडपाशी किती रसायन तयार झालं ते सांगणारा, आलाच.

तो हिशोब फळ्यावर झाला तो जसाच्या तसा देते. ३३ मायक्रोॲम्पिअर करंट, १० मिनिटांचा रन, म्हणजे ६०० सेकंद, गुणाकार ०.०१९८ कूलॉम. भागिले ९६४८५, म्हणजे ०.२ मायक्रोमोल. ॲनोडपाशी पाण्यातून ऑक्सिजन निघतो आणि तेवढा हायड्रोजन आयन मागे राहतो, म्हणजे दर रनला इनलेटच्या व्हायलमध्ये ०.२ मायक्रोमोल ॲसिड. व्हायलमध्ये १ मिली बफर, १० मिलिमोलर बोरॅक्स विरघळला की २० मिलिमोलर बोरेट आणि २० मिलिमोलर बोरिक ॲसिड होतं, म्हणजे त्या १ मिलीत २० मायक्रोमोल बोरेट. दर रनला त्यातलं एक टक्का खलास. एका रनला कुणाच्या लक्षात येणार? पण सॉफ्टवेअरच्या लिस्टमध्ये आठवड्याचे पस्तीसच्या आसपास रन होते, म्हणजे ७ मायक्रोमोल, बोरेट २० वरून १३ आणि बोरिक ॲसिड २० वरून २७. बफरमधल्या दोघांच्या प्रमाणावरून पीएच काढायच्या हेंडरसन-हॅसलबाल्खच्या सूत्रात टाका, पीएच ०.३ नं खाली, ८.९ च्या आसपास. त्या पीएचला पॅरासिटामॉल तीनातलं एक नाही, पाचातलं एक आयनाइझ्ड. रिन्सिंगमध्ये व्हायलमधलं थोडं बफर जातं, लेव्हल उतरते, ते धरलं तर पीएच अजून थोडा खाली जाईल, म्हणूनच भागाकार एक षष्ठांशापर्यंत घसरला असणार.

व्हायल आठवडाभर बदलली गेलीच नव्हती. वेळापत्रकात मशीन चालू करणं, कॅपिलरी धुणं, लॅम्प, सगळ्यासमोर नावं होती, इनलेट-आउटलेटच्या व्हायल कुणी आणि कधी बदलायच्या याची ओळच नव्हती, प्रत्येक बॅचला वाटलं मागच्यांनी बदलली असेल. आणि आमच्याकडे रिन्स पण त्याच इनलेटच्या व्हायलमधून होत होतं. वेगळी रिन्स व्हायल असती तर नळी सुरुवातीला तरी ताज्या बफरनं भरली असती आणि हा प्रकार इतका ठळक दिसला नसता.

हिशोब जुळला म्हणजे सिद्ध झालं असं नाही, आणि १ मिलीच्या व्हायलमध्ये आमच्या पीएच मीटरचा जाडजूड इलेक्ट्रोड बुडत नाही. पीएच पेपर काढला, पण त्यावर ८.९ आणि ९.२ यातला रंग ओळखायचा म्हणजे कठीणच. तेव्हा सावनेरवालीच परत म्हणाली, "मॅडम, इकडे ॲसिड होऊन राहिलं तर तिकडे बेस नाही होणार का? तिकडची व्हायल इकडे लावून पाहू नं." मला तरी हे सुचलं नव्हतं, माझ्या डोक्यात ताजं बफर घालून परत रन करायचा एवढंच होतं. कॅथोडपाशी हायड्रोजन निघतो आणि हायड्रॉक्साइड उरतो, म्हणजे आउटलेटच्या व्हायलचा पीएच तेवढाच वर गेला असणार, ९.५ च्या आसपास, पॅरासिटामॉलच्या पीकेएवरच, तिथे ते अर्धं आयनाइझ्ड. मग गॅप सोमवारपेक्षाही मोठा यायला पाहिजे. रन लावायच्या आधी मी सगळ्यांना अंदाज कागदावर लिहायला लावला, सेकंदात. बहुतेकांनी पन्नास ते साठ लिहिलं.

रन सुरू झाला तेव्हा सगळी बॅच स्क्रीनला चिकटलेली, अटेंडंट काका पण येऊन मागे उभे. करंटची रेघ आधी सरळ झाली, थोड्या वेळानं बेसलाइनवर सॅम्पलच्या पाण्याची एक छोटी खळी आणि तिला लागूनच कॅफीन. मग बेसलाइन. पुढे बेसलाइनच. वीस सेकंदाची खूण गेली, अर्ध्या मिनिटाची गेली, एकजण म्हणाला गेलं वाटते, आणि मग मिनिट भरायच्या जरा आधी पॅरासिटामॉल वर चढलं. बेंझोएटसाठी कुणी थांबायला तयार नव्हतं, आरडाओरडाच जास्त. मी थांबवलं, कारण भागाकारासाठी बेंझोएट पाहिजेच होतं. भागाकार आला सव्वाचार दशांशाच्या आसपास, हिशोबाला धरून.

शेवटी एक रन ७ पीएचच्या फॉस्फेट बफरमध्ये केला. तिथे पॅरासिटामॉलच्या हजार रेणूंतले तीन आयनाइझ्ड, म्हणजे जवळजवळ न्यूट्रल, ते आणि कॅफीन दोघं एकाच पीकमध्ये आले. मग एकानं विचारलं की ज्यांच्यावर कधीच चार्ज नसतो त्यांना सीईनं वेगळं करताच येत नाही का? त्याला एसडीएस या साबणासारख्या पदार्थाच्या मायसेलबद्दल, म्हणजे चार्ज असलेल्या रेणूंच्या पुंजक्यांबद्दल, सांगितलं, जपानच्या तेराबेंनी १९८४ मध्ये हेच करून दाखवलं. आणि ७५ मायक्रॉनची नळी कुठून आली हे पण तेव्हाच सांगितलं, १९८१ चं जॉर्गेन्सन आणि लुकाक्सचं काम, त्यांनी बारीक नळी घेतली म्हणून उष्णता भिंतीतून निघून जायला लागली आणि एवढं व्होल्टेज लावता आलं. त्याच्या आधी १९६७ मध्ये येर्टेन यांनी काही मिलीमीटरच्या नळ्या वापरल्या होत्या, त्यात उष्णतेनं होणारी ढवळाढवळ टाळायला नळी गोल फिरवत ठेवावी लागायची. हा इतिहास पहिल्याच दिवशी सांगितला असता तर कुणी ऐकला नसता.

आता डिपार्टमेंटमध्ये काय झालं ते. एचओडी सरांचं म्हणणं साधं होतं, दर बॅचला ताज्या व्हायल ठेवा, गोळीत किती मिलिग्रॅम कॅफीन हे काढा, जर्नल पूर्ण करा, एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, यायच्या आत. त्यात चूक काही नाही. क्वांटिटेशन करायचं तर बफर ताजंच पाहिजे, शिवाय हळू सरकणारा झोन डिटेक्टरसमोर जास्त वेळ राहतो म्हणून पीकचा एरिया वेळेनं भागून घ्यावा लागतो, वेळ सरकली की कॅलिब्रेशन पण सरकतं. पण माझं म्हणणं असं की नुसतं क्वांटिटेशनच करायचं असेल तर त्याला एचपीएलसी, म्हणजे दाबानं द्रव ढकलून घटक वेगळे करायची पद्धत, बरी, जास्त रिपीटेबल. यूजीच्या पोराला सीई कशासाठी द्यायची? चार्ज, पीएच, करंट, व्हिस्कॉसिटी, फॅराडे, हे सगळं वेगवेगळ्या सेमिस्टरला वेगवेगळ्या सरांनी शिकवलेलं एका नळीत एकत्र काम करताना दिसतं म्हणून. तो भाग काढला तर उरतं फक्त बटण दाबणं.

तोडगा असा निघाला. प्रॅक्टिकल दोन टर्नचं केलं. पहिल्या टर्नला ताजं बफर, आणि गोळी लावायच्या आधी ५ हजारापासून वर व्होल्टेज वाढवत करंट नोंदवायचा, आलेख सरळ कुठपर्यंत जातो आणि कुठे वर वाकतो ते बघायचं, उन्हाळ्यात तो लवकर वाकतो. दुसऱ्या टर्नला प्रत्येक जोडीला जुनी व्हायल, कुणाला इनलेटची, कुणाला आउटलेटची, लेबलवर फक्त नंबर. त्यांनी भागाकारावरून ओळखायचं कुठली कुठली. मशीन एक आणि बॅच मोठी, सगळ्यांना स्वतःचा रन मिळत नाही ही अडचण आहेच, म्हणून ज्याचा रन नाही त्यानं आधी वेळेचा अंदाज लिहून पेटीत टाकायचा, जवळचा अंदाज त्याचा नंबर पुढच्या वेळी आधी. जुन्या व्हायल टिकवायला झाकण घट्ट लागतं नाहीतर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पीएच तसाच उतरतो आणि आउटलेटवाल्यांचं उत्तर चुकतं, हे आम्हाला दोन आठवड्यांनी कळलं, एका जोडीचा आकडा कुठेच बसेना तेव्हा.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. जर्नलमध्ये या प्रॅक्टिकलचा रिझल्ट म्हणून काय लिहायचं यावर आमचं एकमत नाही, कारण छापील फॉर्मॅटमध्ये शेवटी "दिलेल्या नमुन्यातील कॅफीनचे प्रमाण" अशी एकच रिकामी जागा आहे. सध्या पोरं तिथे मिलिग्रॅम लिहितात आणि भागाकाराचा कागद मागे स्टेपल करतात. एक्स्टर्नलनी तो कागद उलटून पाहिला तर व्हायव्हा लांबतो, नाही पाहिला तर पाच मिनिटांत सुटका.